एक किलोचं पेलोड, हजार मीटर उंची: मोटर ‘जे’ घ्यावी की ‘के’?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवणाऱ्या सरांकडे बारा मुलामुलींची रॉकेट टीम आली आहे. एक किलोचं पेलोड, म्हणजे रॉकेटने वाहून न्यायचं सामान, हजार मीटरवर न्यायचं आणि रॉकेटसकट सुखरूप खाली आणायचं, असं त्यांनी ठरवलंय. सिम्युलेशनमध्ये रॉकेटचं वजन ४.८ किलो दिसतं. निम्मी टीम म्हणते ‘जे’ वर्गाची मोटर, म्हणजे इंधन भरलेलं रॉकेटचं इंजिन, पुरे. निम्मी म्हणते ‘के’ घेऊ, जास्तीचा जोर हाताशी असलेला बरा. सर विचारतात, कोणती घेऊ? आणि मी स्वतः कधी रॉकेट उडवलेलं नाही, तर मेंटॉर म्हणून माझं काम काय?

सर, मोटरचं नाव आज ठरवू नका. ते ठरवायला तीन आकडे लागतात: उड्डाणाच्या क्षणी रॉकेटचं काट्यावरचं वजन, रेलची, म्हणजे रॉकेट ज्यावरून सुटतं त्या उभ्या दांड्याची, लांबी आणि मैदानाचा आकार. यातला एकही अजून तुमच्याकडे नाही. ४.८ किलो हे कागदावरचं वजन आहे. त्यात बहुधा इपॉक्सी, रंग, स्क्रू, वायरिंग, बॅटरीचं टेपने बांधलेलं घरकुल, पॅराशूटच्या दोऱ्या यातलं फारसं काही धरलेलं नसतं. पहिल्यांदा रॉकेट बांधणाऱ्या टीमचं वजन वीस-पंचवीस टक्के वाढतं असंच धरून चाला. म्हणजे तुमचं रॉकेट सहा किलोच्या घरात जाईल. पुढचा सगळा हिशेब मी सहा किलोवर करतो.

त्याआधी कायद्याचं सांगतो, कारण मुलं ही गोष्ट शेवटी विचारतात. मोटरमधलं इंधन १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम यांच्या कक्षेत येतं. ते बनवणं, साठवणं, नेणं-आणणं, परदेशातून मागवणं, सगळ्याला परवाना लागतो आणि तो देणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा होस्टेलच्या खोलीत साखर आणि पोटॅशियम नायट्रेटची मोटर शिजवण्याचे व्हिडिओ मुलांनी पाहिलेले असतात. तिथे तुमचा नकार पहिल्याच बैठकीत, स्पष्ट शब्दांत गेला पाहिजे. मिश्रण गरम करताना लागलेली आग विझवायला वेळ मिळत नाही, आणि घरगुती दाण्याला, म्हणजे इंधनाच्या ठोकळ्याला, पडलेला एक तडा मोटरचं केसिंग फाडतो. तयार मोटर परवानाधारकाकडूनच आली पाहिजे, नाहीतर स्पर्धेच्या आयोजकांकडून.

इथेच माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून राहतं. इन-स्पेस या अवकाश क्षेत्रातल्या सरकारी संस्थेच्या विद्यार्थी मॉडेल रॉकेट्री स्पर्धेची उड्डाणं २०२५ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात झाली. अशा स्पर्धेत तुम्ही उतरणार असाल आणि मोटर आयोजकच देणार असतील, तर निवडीचा प्रश्न मिटतो आणि गणित उलटं सुरू होतं: दिलेल्या मोटरला झेपेल एवढंच वजन बांधायचं. समजा सरासरी ४०० न्यूटन थ्रस्टची, म्हणजे तेवढ्या जोराने रॉकेट ढकलणारी, मोटर मिळणार आहे. थ्रस्ट वजनाच्या किमान पाचपट हवा, म्हणजे ४०० भागिले ५ भागिले ९.८, साधारण ८.१ किलो. मोटरसकट रॉकेट याच्या वर गेलं की ते उडवायचं नाही. ही मर्यादा पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवा. निवड तुमच्याच हातात असेल तर पुढचं वाचा.

मोटरच्या नावातलं अक्षर एकूण इम्पल्स सांगतं, म्हणजे मोटरमध्ये एकंदर जोर किती साठवला आहे ते. प्रत्येक पुढचं अक्षर आधीच्या दुप्पट. ‘आय’ ३२० ते ६४० न्यूटन-सेकंद, ‘जे’ ६४० ते १२८०, ‘के’ १२८० ते २५६०. अक्षरानंतरचा आकडा म्हणजे सरासरी थ्रस्ट, न्यूटनमध्ये. शेवटी असलाच तर डिले, म्हणजे इंधन संपल्यापासून मोटरमधला पॅराशूटचा चार्ज उडेपर्यंतचे सेकंद. मुलं अक्षरावर भांडतात. रॉकेट रेलवरून नीट सुटणार की नाही हे मात्र आकडा ठरवतो.

आधी अक्षराचं बघू. १०४ मिलिमीटर बाहेरचा व्यास, ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या विरोधाचा, गुणांक ०.५५ आणि सोलापूरची हवा धरून हाताने केलेला ढोबळ हिशेब असा येतो: ९०० न्यूटन-सेकंदांची मोटर ४.८ किलोच्या रॉकेटला ९८० मीटरच्या आसपास नेते. तीच मोटर सहा किलोच्या रॉकेटला ७५० मीटरच्या आसपास सोडून देते. मोटर तीच, फक्त सव्वा किलो वजन वाढलं आणि सव्वादोनशे मीटर गेले. सहा किलोला हजार मीटरवर न्यायला ११०० न्यूटन-सेकंदांच्या जवळपास लागतात. ते ‘जे’च्या वरच्या टोकाला येतं. म्हणजे अक्षरापुरती ‘जे’वाली मुलं बरोबर आहेत, पण त्यांनी पाहिलेली ‘जे’ बहुधा लहान आहे.

आता ‘के’. त्याच रॉकेटमध्ये २००० न्यूटन-सेकंदांची ‘के’ बसवली तर ते दोन किलोमीटरच्या जवळ जाईल. हजार मीटरचं उद्दिष्ट तिथेच चुकलं. शिवाय वेग ध्वनीच्या पाऊणपट होतो. साध्या ‘जे’वर तो निम्म्याहूनही कमी असतो. त्या वेगाला तीन मिलिमीटर प्लायवूडचे फिन, म्हणजे रॉकेटचे शेपटाकडचे पंख, फडफडून मुळाशी सुटू शकतात. खाली येताना वाऱ्याने वाहून जाण्याचं अंतरही वाढतं. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांत ‘जे’साठी माणसांनी किमान ३० मीटर दूर राहायचं आहे, ‘के’साठी ६०. जास्तीचा जोर म्हणजे सुरक्षितता असा मुलांचा समज होतो. खरी सवड इतर तीन ठिकाणी ठेवायची असते: सुरुवातीच्या थ्रस्टमध्ये, मोटरच्या नळीतल्या जागेत आणि पॅराशूटच्या आकारात.

थ्रस्टचं उदाहरण घेऊ. ११०० न्यूटन-सेकंदांच्या तीन मोटरी समजा. पहिलीचा सरासरी थ्रस्ट २०० न्यूटन, ती साडेपाच सेकंद जळते. दुसरीचा ४४०, अडीच सेकंद. तिसरीचा १०००, जेमतेम एक सेकंद. कागदावर तिन्ही ‘जे’च. रेल तीन मीटरची धरू, पण रॉकेटला रेलवर धरून ठेवणारं वरचं रेल बटन रेलच्या तळापासून साठ सेंटीमीटरवर बसतं. ते बटन सुटलं की रॉकेट कलायला मोकळं होतं, म्हणून कामाची लांबी २.४ मीटर. पहिल्या मोटरवर सहा किलोचं रॉकेट रेल सोडताना सुमारे साडेदहा मीटर प्रतिसेकंद वेगाने जातं, दुसरीवर साडेसतरा, तिसरीवर सत्तावीस.

फिनला रॉकेट सरळ धरण्यासाठी वेग लागतो, आणि रेल सोडताना किमान १५ मीटर प्रतिसेकंद असावा असा संकेत आहे. काही मोठ्या स्पर्धा याच्या दुप्पट मागतात, तेव्हा त्यांची नियमावली आधी वाचा. बाजूने पाच मीटर प्रतिसेकंद वारा असेल, आणि तेवढा आपल्याकडे सकाळी दहानंतर असतोच, तर पहिल्या रॉकेटला तो पंचवीस अंशांच्या कोनातून भेटतो, दुसऱ्याला सोळा अंशांतून. पंचवीस अंशांवर रॉकेट वाऱ्याच्या दिशेने तोंड फिरवतं आणि उरलेली मोटर त्याला आडवं ढकलत राहते. हजार मीटर वर जाण्याऐवजी ते गावाकडे जातं. तिसऱ्या मोटरवर हा धोका नाही, पण सोळा जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट, झटका बसतो. बॅटरी जागेवरून हलते, सोल्डर सुटतं, पेलोडमधले सेन्सर चुकीचं वाचतात. म्हणून तुमच्या रॉकेटला दुसरी, म्हणजे ४०० ते ५०० न्यूटन सरासरीची. इथे थ्रस्ट वजनाच्या साडेसातपट पडतो.

एक बारकावा मुलांकडून आवर्जून काढून घ्या. आकडा सरासरीचा आहे, आणि काही मोटरी हळू पेट घेऊन मग चढतात. थ्रस्टचा आलेख उघडून पहिल्या अर्ध्या सेकंदातला थ्रस्ट वाचायला लावा आणि पाचपटीचा नियम त्या आकड्याला लावा. आलेख दाखवता आला नाही तर ती मोटर यादीतून काढा.

वजन गोठेपर्यंत मोटर ठरत नाही, मग मोटरची नळी कोणत्या मापाची ठेवायची? मोटरी ३८, ५४, ७५, ९८ मिलिमीटर अशा ठराविक व्यासांत येतात. तुम्ही ५४ ची नळी बसवा आणि लांबीला पंधरा सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा. वजन वाढलं तर त्याच व्यासाची लांब मोटर बसते, कमी भरलं तर अडॅप्टर घालून ३८ ची. मोटर नळीत टेप गुंडाळून घट्ट बसवण्यावर विसंबू नका. पॅराशूटच्या चार्जने ती मागे फेकली जाऊ शकते, मग पॅराशूट आतच राहतं. आटे असलेला रिटेनर इपॉक्सीने बसवा. मोटरची नळी मधोमध धरणाऱ्या सेंटरिंग रिंगा निदान तीन, सहा मिलिमीटर प्लायच्या, आणि फिन बॉडी ट्यूबच्या भेगेतून आत नेऊन थेट मोटरच्या नळीला चिकटवलेले. नुसते बाहेरून चिकटवलेले फिन जमिनीवर आपटताना पहिले तुटतात.

आता सोलापूरचं म्हणून जे वेगळं आहे त्याकडे येतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ४५८ मीटर उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी ४० अंशांत हवेची घनता सुमारे १.०७ किलो प्रतिघनमीटर होते. सिम्युलेशनमध्ये मूळ सेटिंग १५ अंश आणि समुद्रसपाटी, म्हणजे १.२२५ असतं. फरक तेरा टक्क्यांचा. विरळ हवेत रॉकेट थोडं जास्त वर जातं, पण पॅराशूट कमी पेलतं आणि जमिनीवरचा वेग सात टक्क्यांनी वाढतो. ओपनरॉकेट या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उंची आणि तापमान बदलायला एक मिनिट लागतं. मुलांनी ते बदललंय का, हे फाइल उघडून स्वतः बघा. उड्डाण दुसऱ्या प्रांतात असेल तर तिथले आकडे घाला.

उन्हाचे आणखी तीन परिणाम आहेत. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये काढलेला नोजकोन, म्हणजे रॉकेटचं टोक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि काळ्या रंगाचं रॉकेट उन्हात रेलवर अर्धा तास उभं राहिलं की तिथवर पोहोचू शकतं. नोजकोन आणि उंची मोजणारा अल्टिमीटर बसवायची पट्टी (स्लेड) एबीएस किंवा एएसए या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये काढा आणि रॉकेट पांढरं रंगवा. इपॉक्सीचा डब्यावर लिहिलेला तीस मिनिटांचा वेळ मे महिन्यात पंधरावर येतो आणि वाटीतलं मिश्रण तापून धूर सोडतं, म्हणून थोडं-थोडं कालवा आणि पहाटे चिकटवा. तिसरं म्हणजे मोटर. कंपोझिट इंधन तापलं की जास्त वेगाने जळतं आणि केसिंगमधला दाब वाढतो. वारंवार तापलं-निवलं तर दाण्यांना तडे जातात. मोटर बंद गाडीत कधीही ठेवायची नाही.

पॅराशूट शिवून घेण्याच्या बाबतीत मात्र सोलापूर नशीबवान आहे आणि याचा फायदा फार थोड्या टीम घेतात. आधी माप बघू. इंधन जळून गेल्यावर साडेपाच किलोचं ओझं सहा मीटर प्रतिसेकंद वेगाने उतरवायचं तर साडेतीन चौरस मीटर कापड लागतं, म्हणजे २.१ मीटर व्यासाचं सपाट गोल पॅराशूट. समुद्रसपाटीच्या घनतेने काढलं तर व्यास १.९७ येतो, आणि मुलं नेमकं तेच शिवून आणतात. कापड रिपस्टॉप नायलॉन. बारा पाकळ्या, प्रत्येक त्रिकोणाचा पाया ५६ सेंटीमीटर, उंची १०५, दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर मुडपण. मधोमध वीस सेंटीमीटरचं भोक ठेवलं की पॅराशूट कमी झुलतं.

ही शिलाई कॉलेजच्या लॅबमध्ये बसून करू नका. शहरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने आहेत, तिथल्या कारागिरांना पाकळ्यांचा कागदी साचा द्या. पाकळ्या जोडताना दोन्ही कडा एकमेकींत मुडपून दोन समांतर टाके घ्यायला सांगा, म्हणजे कापडाची कड उघडी राहत नाही. ताण सगळ्यात जास्त येतो तो दोरी कापडाला जिथे मिळते तिथे. पँटच्या बेल्टची पट्टी पक्की करायला त्यांच्याकडे बारटॅकचं मशीन असतं. तेच मशीन दोरीच्या टोकाला वापरायचं: दोरी कापडावर दहा सेंटीमीटर आत न्यायची, वर नायलॉनची पट्टी ठेवायची आणि तीन ठिकाणी बारटॅक मारायचा. टाका पडला की पट्टी हाताला कडक लागते. ती नखाने उचकटून पाहा, हलता कामा नये. दोरा बॉन्डेड नायलॉनचा. साधा सुती दोरा उन्हाने आणि घासण्याने जातो. शिवून आल्यावर बारापैकी दोन-दोन समोरासमोरच्या दोऱ्या धरून दोघांनी ओढून पाहायचं, मग तिसऱ्या मजल्यावरून सहा किलोची वाळूची पिशवी बांधून सोडायचं. खाली मोकळी जागा आणि आडवी दोरी लावलेली हवी.

पॅराशूट एक की दोन? दोन. हिशेब बघा. मोठं पॅराशूट हजार मीटरवरच उघडलं तर खाली यायला १६७ सेकंद लागतात. सहा मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात रॉकेट एक किलोमीटर लांब जाऊन पडतं. वर लहान ड्रोग, साधारण अर्ध्या मीटरचं, बावीस मीटर प्रतिसेकंदाने उतरवणारं, आणि २५० मीटरवर मेन, म्हणजे मोठं पॅराशूट, असं केलं तर ७६ सेकंद लागतात आणि अंतर साडेचारशे मीटरवर येतं. साडेचारशे मीटरमध्ये शोधता येतं. एक किलोमीटरवर ऊस लागला तर उभ्या उसात पांढरं रॉकेट दहा फुटांवरूनही दिसत नाही.

मैदानाबद्दल म्हणूनच कडक राहा. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमाप्रमाणे मैदानाची सगळ्यात कमी लांबी-रुंदी अपेक्षित उंचीच्या निम्मी किंवा साधारण ४६० मीटर, जी जास्त ती. हजार मीटरसाठी पाचशे मीटर. ज्वारी काढल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये एवढी मोकळी वावरं आपल्याकडे दिसतात, पण मोकळं म्हणजे चालेल असं नाही. होटगी रस्त्यावरचा विमानतळ चालू आहे. नान्नजकडचं माळरान माळढोक अभयारण्याचं आहे, तिकडे वळायचंही नाही. उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांचं जाळं सोलापूरभोवती दाट आहे.  तारेवर अडकलेलं रॉकेट काढायला कोणीही चढायचं नाही, काठी लावायची नाही, वीज कंपनीला कळवायचं. आणि ज्वारीची धसकटं, कडबा, वाळलं गवत ठिणगीने पेटतं. रेलभोवती पंधरा मीटर व्यासाचं वर्तुळ मातीपर्यंत साफ हवं, शेजारी पाण्याचा टँकर किंवा फवारणीचे भरलेले पंप हवेत.

आकाशासाठी हवाई वाहतूक यंत्रणेची आणि जमिनीसाठी पोलीस व जिल्हा प्रशासनाची लेखी परवानगी नसेल तर एवढ्या मोटरचं उड्डाण इथे करूच नका. माझा सल्ला विचाराल तर मोटरचं उड्डाण स्पर्धेच्या मैदानावर, आयोजकांच्या देखरेखीखाली करा, आणि त्याआधीचं सगळं सोलापुरात पक्कं करा. अपयशी उड्डाणांमध्ये मोटरचा दोष कमी वेळा असतो. जास्त वेळा पॅराशूट बाहेर आलेलं नसतं, आणि ते सगळं जमिनीवर तपासता येतं.

ही तपासणी अशी. अल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची ओळखून पॅराशूट सोडतो, म्हणून त्याच्या कप्प्याला भोकं लागतात. १०० मिलिमीटर व्यासाचा, २० सेंटीमीटर लांबीचा कप्पा दीड लिटरचा होतो. त्याला साडेतीन मिलिमीटरची तीन भोकं, सारख्या अंतरावर. एकच भोक ठेवलं तर वारा त्यावर आदळून उंची चुकीची दिसते. भोकाच्या कडा घासून साफ करा, आणि आपल्याकडच्या धुळीत उड्डाणापूर्वी टाचणीने तपासा. अल्टिमीटर दोन घ्या, प्रत्येकाला वेगळी बॅटरी, वेगळी कळ. एकाच बॅटरीवरचे दोन अल्टिमीटर म्हणजे एकच अल्टिमीटर. मोटरमधला डिले तिसरा आधार म्हणून ठेवायचा तर हिशेब लक्षात घ्या: इंधन संपल्यावर या रॉकेटला शिखर गाठायला सुमारे बारा सेकंद लागतात. डिले चौदाचा हवा. दहाचा घेतला तर रॉकेट वेगात असतानाच पॅराशूट उघडेल आणि दोरी बॉडी ट्यूब चिरत जाईल.

पॅराशूट बाहेर पडावं म्हणून रॉकेटचे भाग हवेत वेगळे करण्यासाठी काळी दारू वापरली जाते, पण तीही स्फोटकच. विद्यार्थ्यांच्या टीमला मी कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याची यंत्रणा सुचवतो. काहीही वापरा, पूर्ण भरलेलं रॉकेट आडवं ठेवून, खऱ्या घडीचं पॅराशूट, खऱ्या नायलॉन शिअर पिन (भाग जोडून ठेवणाऱ्या, झटक्याने तुटणाऱ्या) आणि खरी दोरी घालून चाचणी घ्या. समोर आणि मागे कोणी उभं राहणार नाही. भाग नुसते सरकून थांबले तर नापास. दोरी पूर्ण ताणली जाऊन पॅराशूट बाहेर पडलं तर पास. लागोपाठ तीन वेळा पास व्हायला हवं. दोरी रॉकेटच्या लांबीच्या तीन ते पाचपट ठेवा, आखूड दोरीला झटका बसतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रायपोली या अमेरिकी संस्था ‘एच’ आणि ‘आय’साठी पहिली पातळी, ‘जे’ ते ‘एल’साठी दुसरी आणि त्यावर तिसरी, अशी प्रमाणपत्रं देतात. नासाच्या स्टुडंट लाँच स्पर्धेत मेंटॉरकडे असं प्रमाणपत्र लागतं, आणि जबाबदारीपुरता रॉकेटचा मालक मेंटॉरच मानला जातो. यावरून तुमच्या कामाचं वजन कळावं. तुम्हाला अनुभव नसेल तर मोटर हाताळायला अनुभवी माणूस जोडून घ्या. त्यात कमीपणा अजिबात नाही. पण बाकीचं मेंटॉरिंग तुम्ही नक्की करू शकता, कारण ते मुख्यतः आकडे मागण्याचं काम आहे.

पहिल्याच दिवशी सांगा की उड्डाण थांबवण्याचा अधिकार तुमचा आहे आणि त्यावर वाद होणार नाही. हे आधी सांगितलं असेल तर शेवटच्या सकाळी मुलांना अपमान वाटत नाही. तुमच्याखेरीज टीममधल्या एकाला सुरक्षा अधिकारी करा, आणि त्याने रॉकेटचा एकही भाग स्वतः बांधलेला नसावा. आपलंच काम तपासणाऱ्याला चूक दिसत नाही. बारा जणांत सगळ्यात हुशार मुलं मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्सकडे धावतात आणि पॅराशूट उरलेल्यांच्या गळ्यात पडतं. हे तुम्ही हस्तक्षेप करून बदला. सगळ्यात नेटके हात पॅराशूटकडे द्या. घडी कशी घालायची, कोणती दोरी आधी, याचा त्यांनी डोळे मिटून सराव केलेला असावा.

हत्यार स्वतः हातात घेऊ नका. मूल चुकीच्या जागी फिन चिकटवत असेल तर “सीजी कुठे आहे, मोजलास का?” एवढंच विचारा. सीजी, म्हणजे रॉकेट ज्या जागी तोलून राहतं तो बिंदू, मोजायचा तो मोटरच्या वजनाइतकी वाळूची नळी आत भरून: सुतळीचा फास ट्यूबभोवती घालायचा, रॉकेट टांगायचं आणि फास सरकवत रॉकेट आडवं समतोल राहील तिथे पेन्सिलने खूण करायची. हा बिंदू सीपीच्या, म्हणजे हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, दीड ते दोन व्यास पुढे हवा. १०४ मिलिमीटरच्या रॉकेटला साधारण १६ ते २१ सेंटीमीटर. हे अंतर एका व्यासापेक्षा कमी असेल तर रॉकेट गटांगळ्या खाईल. चारच्या पुढे गेलं तर प्रत्येक झुळकेला वाऱ्याकडे तोंड करेल. सिम्युलेशनमधला सीजी आणि सुतळीवरचा सीजी यांत तीन-चार सेंटीमीटरचा फरक सहज निघतो, आणि तो मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला की कागदी वजनावरचा त्यांचा विश्वास आपोआप कमी होतो.

रेलवरचा क्रम मुलांकडून पाठ करून घ्या. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने करायचं. रॉकेट रेलवर चढवून, रेल वाऱ्याकडे पाच अंश कलवून उभी केली की आधी अल्टिमीटर सुरू करायचे आणि त्यांच्या बीप मोजायच्या. इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी काडी, त्यानंतर, सगळ्यात शेवटी, तेव्हा रेलजवळ फक्त दोघं. तो मोटरच्या दाण्यांमधून पार वरपर्यंत ढकलायचा आणि तिथेच टेपने पक्का करायचा, कारण खाली घसरलेला इग्नायटर इंधन अर्धवट पेटवतो आणि रॉकेट रेलवरच फुसफुसत राहतं. वायरच्या चिमट्या जोडण्यापूर्वी एकमेकींना टेकवून ठिणगी नाही ना हे बघायचं. बटन दाबूनही मोटर पेटली नाही तर किल्ली काढायची आणि पूर्ण एक मिनिट कोणीही जागेवरून हलायचं नाही. वारा नऊ मीटर प्रतिसेकंदाच्या वर असेल तर उड्डाण नाही. उन्हाळ्यात दुपारी वावटळी उठतात, म्हणून सकाळी सात ते नऊ हीच वेळ धरा.

पुढच्या बैठकीला मुलांना लॅपटॉप आणायला सांगू नका. किराणा दुकानातला दहा किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा आणायला सांगा, आणि आजवर आणलेला प्रत्येक तुकडा, बॅटरी, दोरी, नटबोल्ट, इपॉक्सीचा डबा, पेलोडचा नमुना, एकेक करून काट्यावर ठेवा. फळ्यावर दोन रकाने: सिम्युलेशनचं वजन आणि काट्याचं वजन. खाली बेरीज. जे भाग अजून आलेले नाहीत त्यांच्या अंदाजात एक चतुर्थांश मिळवा. ती बेरीज, रेलची लांबी आणि मैदानाचं माप मला पाठवा, मग ४०० ते ५०० न्यूटनच्या दोन-तीन ‘जे’ मोटरींचे आलेख आपण शेजारी-शेजारी ठेवून बघू.